बाबांना वाचून दाखवलेलं अकरावं प्रकरण

कामिसावा, २० नोव्हेंबर

प्रिय शुनसाकु,

तुझं कार्ड मिळालं. तुझ्या 'चौथी झोप' कादंबरीची छोट्या आकाराची, स्वस्त आवृत्ती निघतेय हे ऐकून बाबांनी लगेच विचारलं, "स्वस्त का? लोकांना आवडली नाही वाटतं." आवडली म्हणूनच स्वस्त काढतात, हे त्यांना समजावता समजावता चहा गार झाला. शेतकऱ्याच्या डोक्यात हा हिशोब काही शिरत नाही. तू लिहिलंयस, "ताई, शेतीच्या नि रेशमाच्या बाबतीत काही चुका राहिल्या असतील तर महिनाअखेरपर्यंत कळव, म्हणजे दुरुस्त करता येतील." पाच ओळींचं कार्ड. तीन ओळी पुस्तकाच्या, एक थंडीची, एक बाबांच्या डोळ्यांची. तुझी एकुलती एक लेक चिसातो पाच महिने माझ्या घरी आहे, तिच्यासाठी सहावी ओळ काही तुला सुचली नाही. कार्ड पेटीतून तिनेच काढून आणलं. माझ्या हातात देण्याआधी तिने ते दोनदा उलटंपालटं करून पाहिलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते, मला सगळं दिसत होतं.

जूनमध्ये काय झालं ते तुला मी सांगायला नको. पण मला ते चिसातोकडून आणि योरिकोकडून, असं दोन्ही बाजूंनी कळलंय, तेव्हा कोणीतरी एकदा सरळ लिहून टाकलेलं बरं. योरिकोच्या आईला, तुझ्या सासूबाईंना, आता माणसं ओळखू येत नाहीत. दार उघडं दिसलं की त्या माहेरी जायला निघतात. त्या दिवशी याच कादंबरीला बक्षीस मिळणार होतं, तुम्ही दोघं समारंभाला निघालात आणि चिसातोला सांगितलंत, "आजीजवळ बस." पोरगी परीक्षेसाठी चार दिवस जागलेली. बसल्या बसल्या डुलकी लागली. जागी झाली तर दार सताड उघडं, आणि आजी रेल्वेच्या पुलाच्या पायऱ्यांखाली पडलेल्या, मांडीचं हाड मोडलेलं. तेव्हापासून त्या अंथरुणावर आहेत. हॉस्पिटलात तू चिसातोला म्हणालास, "एक दुपार. फक्त एक दुपार बसायचं होतं तुला." आणि मग गप्प झालास, तो आजतागायत. आरडाओरडा केला असतास तर ती रडली असती, भांडली असती, आणि तिथेच राहिली असती. तू गप्प राहिलास म्हणून ती बॅग भरून आत्याकडे आली. योरिको दर रविवारी फोन करते. ती चिसातोवर रागावलेली नाही, हे तुला माहीत नसेल तर माहीत असू दे.

आता पुस्तक. बाबांचा एक डोळा गेलाच आहे, दुसऱ्याला मोठी अक्षरंसुद्धा दिसत नाहीत. म्हणून ऑक्टोबरपासून रोज दुपारी जेवणं झाली की मी त्यांना थोडं थोडं वाचून दाखवते. ओट्यावर ऊन येतं तिथे ते भिंतीला टेकून बसतात, चिसातो सुकवायची पर्सिमनची फळं सोलत बसते. मी आधी पुस्तक वाचलेलं नव्हतं, खरं सांगते. तू पहिली प्रत पाठवलीस ती मी देवघरात आईच्या फोटोपुढे ठेवली आणि उघडायची हिंमत झाली नाही. आपल्याच घराबद्दल कुणी चारशे पानं लिहिलेली, ती वाचायला छाती लागते. पण एकदा सुरू केलं आणि बाबा पोरासारखे "पुढे, पुढे" करायला लागले. तुझं कौतुक मी तोंडावर कधी केलं नाही. लहानपणी तू निबंधात पहिला आलास की मी म्हणायचे, बाकीची मुलं आजारी होती वाटतं. तर आता लेखी देते, जपून ठेव. शुनसाकु, तू फार मोठं काम केलंयस. संकट आलं की माणसं काय काय करतात, कुणी भांडी घासत बसतं, कुणी उगाच विनोद करतं, कुणी न सांगता दुसऱ्याचं ओझं उचलतं, हे तू असं लिहिलंयस की वाचताना मी चारदा चष्मा पुसला. बाबांना मात्र सांगितलं, काच मळलीय.

चुका आहेत, पण लहान. तिसऱ्या प्रकरणात तुझ्या कादंबरीतली सेत्सु म्हणते, "किड्यांना पाला घातला का?" आपल्या घरात असं कुणी बोललं असतं तर आजीने लाटण्याने हाणलं असतं. आपल्याकडे रेशमाचे किडे म्हणजे 'ओकाइको-सामा'. जेवले का, झोपले का, उठले का, सगळं अहोजाहो. बाबांना 'अरे' म्हणणारी आजी त्या बोटाएवढ्या जिवांना 'आपण' म्हणायची. तेवढं बदल. दुसरं, कात टाकायच्या चौथ्या झोपेतून उठल्यावर ते आठवडाभर रात्रंदिवस पाला खातात त्याचा आवाज तू पावसासारखा लिहिलायस. सगळेच तसं लिहितात. मला तो नेहमी शेजारच्या खोलीत आई काहीतरी तळतेय असा वाटायचा, आणि भूक लागायची. हे घालायचं तर घाल, माझं नाव नको.

आणि सेत्सु फार रडते. तिच्यात आई आहे हे शेंबडं पोरही सांगेल, पण आई रडली नाही रे. तू दीड वर्षाचा होतास, तुला कुठून आठवणार. त्या ऑगस्टात माडीवरचे सगळेच्या सगळे ओकाइको-सामा एका संध्याकाळी गेले. चौथी झोप होऊन तिसरा दिवस, आणखी चारेक दिवसांत कोष विणायला लागले असते. दुसऱ्या दिवशी आई-बाबांनी तुतीच्या मळ्यात खड्डा खणून त्यांना पुरलं, आणि मग आईने दोनशे बांबूची तबकं नदीवर नेऊन एकेक करून धुतली. तिसऱ्या दिवशी तिने लग्नातला किमोनो काढला, केस नीट बांधले आणि रेशीम संस्थेत सांगायला निघाली की या हंगामात आमच्याकडून कोष येणार नाहीत. शेजारणी म्हणाल्या, "अगं, अशा वेळी कुणी इतकं नटतं का?" आई म्हणाली, "हात पसरायला नाही चालले. तोंड दाखवायला चाललेय, तर जरा चांगलं दाखवते." त्या शरद ऋतूत घोडा विकला. बाबा तीन हिवाळे घाटरस्त्याच्या कामावर दगड वाहायला गेले. आई कोंड्याचा मांडा करून आम्हाला घालायची आणि वर चव विचारायची. तुझी सेत्सु मला आवडते, पण आई तिच्याहून दोन बोटं उंचच होती.

ओकाइको-सामा का गेले, हे गावात सगळ्यांना माहीत होतं, कारण बाबांनी स्वतःच सांगितलं होतं. त्याच संध्याकाळी शेजारपाजारचे धावत आले. तबकांत ते जीव माना वर करून डोलत होते, तोंडातून पाणी गाळत होते. बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "मोतेगीच्या तंबाखूच्या शेताला लागून जी तुती आहे ना, तिचा पाला आज मी तोडला. घाईत लक्षात आलं नाही. माझी चूक." तंबाखूशेजारचा पाला घालायचा नाही हे आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत. झालं, त्या दिवसापासून बाबांचं नाव पडलं 'तंबाखूवाले'. लग्नकार्यात चहाचा पेला पुढे आला की कोणी ना कोणी विचारायचंच, "तोकुजीसान, यात तंबाखू नाही ना?" बाबा हसायचे. दर उन्हाळ्यात रेशीम खात्याचा माणूस येऊन गावाला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायचा, त्यात काय करू नये याचं उदाहरण म्हणून बाबांची गोष्ट सांगायचा. बाबा दुसऱ्या रांगेत बसून मान डोलवायचे. एकदा तर त्या माणसाने पाला तोडल्याचा दिवस चुकीचा सांगितला, तर बाबांनी हात वर करून दुरुस्त केला.

सगळ्यात हाल झाले मोतेगीकाकांचे. ते रडत आले, म्हणाले, "मी तंबाखू उपटून टाकतो." बाबा म्हणाले, "तंबाखू तुझा, चूक माझी. उपटायची तर मला उपट." तरी त्यांच्या मनाचं काही समाधान होईना. तेव्हापासून दर नोव्हेंबरात त्यांच्या घरून रताळ्यांचं पोतं येतं आणि बाबा त्याच्या दुप्पट पर्सिमन पाठवतात. आता मोतेगीकाका नाहीत, त्यांचा मुलगा पोतं आणतो. का आणतो हे त्याला ठाऊक नाही, आमच्याकडे तशी पद्धत आहे म्हणतो. शाळेत मला 'तंबाखूवाल्याची पोरगी' म्हणायचे. मी कधी कुणाशी भांडले नाही. सगळे म्हणायचे, फुसाए किती शांत, बापावर गेलीय.

गेल्या गुरुवारी अकरावं प्रकरण निघालं. मी सुरुवात केली ती मोठ्या उत्साहात. आणि दुसऱ्याच पानावर तुझी मित्सु, ती नऊ वर्षांची मोठी बहीण, तान्ह्या भावाला डास चावतात म्हणून कपाटातून डासांची उदबत्ती काढते आणि पेटवते.

शुनसाकु, ती मी होते. बाबांनी तोडलेला पाला चांगला होता, वरच्या मळ्यातला. आई-बाबा दोघं पाला आणायला गेले होते, तुला मच्छरदाणीत निजवलेलं, आणि मच्छरदाणीला भोक. तुझं तोंड चावून चावून सुजलं होतं, एक डोळा मिटत आला होता, रडून रडून तुझा आवाज बसला होता. ताकासाकीच्या मावशीने उन्हाळ्याची भेट म्हणून हिरव्या वेटोळ्यांचा डबा पाठवला होता. आईने तो "शहरातल्या माणसांना काय कळतंय" म्हणत मागे ढकलून ठेवला होता. तंबाखू ओढून माडीवर जायचं नाही हे मला पाठ होतं. पण या उदबत्तीबद्दल मला कुणी कधी काही सांगितलं नव्हतं, कारण आपल्या गावात ती कुणी विकत घेतच नसे. ज्या गोष्टी घरात नसतातच, त्या करू नकोस असं पोरांना कोण सांगणार? मला वाटलं, डासांचं औषध आहे, डासांना लागेल. निळ्या बशीत ठेवून तुझ्या उशाशी लावली. तू झोपलास. मी किती खूश होते तुला सांगू. धूर फळ्यांच्या फटींतून वर माडीवर, ओकाइको-सामांपर्यंत गेला. दिवेलागणीला बाबा माडीवर गेले आणि ओरडले, तेव्हा मी उरलेलं वेटोळं विझवून बशीसकट तांदळाच्या पेटीमागे लपवलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तिथे काही नव्हतं. आईने आवराआवर केली असेल, तिला काही कळलं नसेल, असं मी मनाला सांगितलं. आणि त्रेचाळीस वर्षं मांजर डोळे मिटून दूध पितं तशी राहिले. बाबांना खरोखरच वाटत असेल की पाला चुकला, आणि त्यांच्या डोक्यावरचं हे ओझं एका शब्दाने उतरवता येईल, हे मला रोज दिसत होतं. तो शब्द माझ्याच्याने निघाला नाही. आईच्या शेवटच्या आजारपणात दोनदा तोंडाशी आला, दोनदा गिळला.

तर गुरुवारी मी काय केलं? तीन पानं एकदम उलटली आणि पुढचं वाचायला लागले. एक परिच्छेद झाला असेल नसेल, बाबा म्हणाले, "पानं चिकटली होती वाटतं." मी म्हटलं, "नाही हो." ते म्हणाले, "डोळे गेलेत माझे, कान आहेत. पोरगी कपाटाशी उभी होती, ती एकदम घाटरस्त्यावर कशी पोचली? मागे जा." चिसातोने सोलणं थांबवलं. मी मागे गेले. सगळं वाचलं, अक्षर न गाळता. धूर वर जातो ते, बापाला ते उरलेलं वेटोळं सापडतं ते, तो सगळ्यांपुढे खोटं बोलतो ते, आणि मग पर्सिमनच्या झाडाखाली खड्डा करून ते वेटोळं पुरतो ते. संपल्यावर मी मान वर केली नाही. बाबा म्हणाले, "हे चुकलंय त्याचं. कळव त्याला. पुरलं नव्हतं. पुरलं असतं तर तुझ्या आईला सापडलं असतं, ती कोंबडीसारखी सगळं अंगण उकरायची. नदीत टाकलं. बशी पण टाकली. बशी टाकायला नको होती. मरेपर्यंत ती मला विचारत होती, माझी निळी बशी कुठे गेली."

मी रडले. ऐकतोयस ना, तुझी दगडासारखी ताई ओट्यावर बसून लेकराच्या देखत ढसाढसा रडली. बाबा म्हणाले, "रडायला काय झालं, जुनीच तर बशी होती." मग चिसातोने विचारलं, "आजोबा, तुम्हाला माहीत होतं, मग आत्याला कधी सांगितलं का नाही?" ते म्हणाले, "सांगितलं असतं तर तिला माझी माफी मागावी लागली असती. नऊ वर्षांच्या पोरीला कसली माफी मागायला लावायची?" चिसातो सुरीकडे बघत म्हणाली, "आणि वीस वर्षांची असली तर?" बाबांनी तिच्या दिशेने तोंड वळवलं. "ते तुझ्या बापाला विचार," म्हणाले, "या विषयावर तो बरं लिहितो."

मी बाबांना नंतर खोदून खोदून विचारलं, हे तुम्ही शुनसाकुला सांगितलं होतं का? ते शपथेवर सांगतात, कुणाला म्हणून सांगितलं नाही, आईलासुद्धा नाही. म्हणजे तू हे तुझ्या डोक्यातून काढलंस. गावाने त्रेचाळीस वर्षं सांगितलेली गोष्ट बाजूला सारून तू असा बाप कल्पिलास, जो पोरीचा अपराध स्वतःच्या अंगावर घेतो आणि त्याचा उच्चारही करत नाही. आणि तो बाप खरा निघाला. चार दिवस मी याच विचारात आहे. जो माणूस असा बाप मनातून उभा करू शकतो, त्याच्यात तो कुठेतरी असलाच पाहिजे. नसता तर कागदावर कुठून आला? तुझ्या लेकीने ते प्रकरण परवा स्वतःहून पुन्हा वाचलं. वाचून मला म्हणाली, "आत्या, मित्सुचे बाबा मला मिळाले असते तर." मी म्हटलं, "अगं, ते तुझ्याच घरात राहतात, दिवसभर टेबलाशी बसलेले असतात, फक्त उठत नाहीत." ती हसली. पाच महिन्यांत पहिल्यांदा. तुला तीन पत्रं लिहून तिने फाडलीत. तिला वाटतं, तू दार उघडणार नाहीस.

म्हणून हे पत्र, शुनसाकु. तू चुका विचारल्यास, तर एक मोठी चूक राहिलीय, आणि ती पुस्तकात तशीच राहू दे, वाचणाऱ्यांना ती फार आवडलीय. अकराव्या प्रकरणाच्या शेवटी बाप मित्सुला जवळ बसवून दोन पानं सुंदर सुंदर बोलतो. बाबा म्हणाले, "मी असलं काही बोललो नाही बुवा. मला एवढं बोलता येतं का?" खरंच नाही बोलले. झालं ते असं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघं खड्डा खणायला निघाले. माडी गप्प. आईने तुला स्वतःच्या पाठीला बांधायला घेतलं, म्हणाली, "आज पोराला मीच नेते." बाबांनी काही न बोलता तिच्या खांद्यावरची गाठ सोडली, तुला उचललं, आणि रोजच्यासारखं माझ्या पाठीला बांधलं. "दुपारपर्यंत याला सांभाळ," म्हणाले, आणि आईला घेऊन बाहेर पडले, मागे वळूनसुद्धा न बघता दार ओढून घेतलं. बस, एवढंच. त्या रिकाम्या घरात तुझं ओझं पाठीवर घेऊन मी उभी राहिले, आणि कालपासून अडकलेला श्वास मोकळा झाला. चिसातो रविवारी येतेय, दोन चाळीसला उएनोला उतरेल. स्टेशनवर जा. काही विचारू नकोस, काही समजावू नकोस, दोन पानं तर मुळीच बोलू नकोस. घरी नेऊन तिला जेवू घाल, मग आजींच्या उशाशी बसव. "संध्याकाळपर्यंत यांना सांभाळ" म्हण, योरिकोला घेऊन बाहेर पड, आणि दार ओढून घे.

तुझीच, तुला पाठीवर वाहिलेली,
फुसाएताई